पक्षाघातानंतर घुमट वाजवताना दोन्ही हातांचा मेळ का बसत नाही?

प्रश्न (माशेल):
मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने माझ्या वडिलांना पक्षाघात झाला होता. व्यायामाने डावा हात बराच सुधारला आहे. ते वाड्यावरच्या आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडे ताणून केलेले गोव्यातील वाद्य, वाजवत. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागच्या लहान तोंडाची उघडझाप, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. आता डावा पंजा एकटा असताना नीट उघडतो-मिटतो. मात्र उजव्या हाताने ठेका धरला की तो एक तर मागे पडतो, नाहीतर प्रत्येक थापेबरोबर आपसूक मिटतो. असे का व्हावे? चांगला हात बांधून ठेवावा असे काही जण सुचवतात. त्याने हे साधेल का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, म्हापसा):
डाव्या हाताला हुकूम मुख्यत्वे मेंदूच्या उजव्या गोलार्धाकडून येतो, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु दोन हात एकत्र चालवणे ही दोन स्वतंत्र हातांची बेरीज नव्हे. त्यासाठी दोन्ही गोलार्धांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा महासंयोजी पिंड आणि हालचालींचा क्रम आखणारे पुढच्या भागातील पूरक चालक क्षेत्र, अशा दोहोंचे काम लागते. एक हात चालत असताना दुसऱ्याने त्याची नक्कल करू नये म्हणून गोलार्ध एकमेकांना काही प्रमाणात आवरून धरतात. इजेनंतर हा तोल ढळतो आणि थापेबरोबर पंजा मिटण्यासारखी अनिच्छेची हालचाल उमटते.

शिवाय मुळातच मेंदूचा ओढा सारख्या हालचालींकडे असतो. स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धडधाकट माणसांनी दोन्ही तर्जन्या उलटसुलट लयीत हलवताना वेग वाढवला, तेव्हा त्या एका टप्प्यावर आपोआप समरूप हालचालीत शिरल्या. घुमटात तर दोन्ही हातांची कामेच वेगळी. त्यामुळे हे वादन घरातल्या बहुतेक कामांपेक्षा अवघड आहे, आणि वडिलांची अडचण मला मुळीच नवलाची वाटत नाही.

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मडगाव):
हात बांधण्याबद्दल. ही पद्धत एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून आली. हात चालू शकत असूनही रुग्ण तो वापरायचे सोडून देतो, ही सवय मोडणे हा तिचा हेतू असतो. प्रत्यक्षात चांगल्या हाताला जाड मोजा घालतात आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास कामे करून घेतात; मनगट व बोटे थोडी तरी उचलता येत असतील तरच ती लागू पडते. पण उजवा हात मोज्यात असताना दोन हातांच्या मेळाचा सराव होणार कसा? तुमच्या वडिलांना हात न वापरण्याची खोड नसेल, तर मी हा मार्ग आधी धरणार नाही.

पंचा पिळणे, चादरीची घडी घालणे अशी दोन्ही हातांची कामे द्यावीत. आदोळीवर (विळीवर) नारळ खवणे मात्र स्पर्शज्ञान नीट तपासल्याशिवाय देऊ नये.

उत्तर (घुमटवादक, सावईवेरे):
शिकाऊ मुलांना आम्ही आधी पूर्ण आवर्तन संथ लयीत वाजवायला लावतो आणि डावा तळवा केवळ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उघडायला सांगतो. वडिलांनीही तेथूनच सुरुवात करावी. हात जुळेपर्यंत लय वाढवू नये.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, म्हापसा):
सूचना उत्तम आहे. एक तपासणी मात्र आधी करावी: वडिलांचे डोळे मिटवून त्यांचा डावा अंगठा हळूच वर किंवा खाली करावा आणि दिशा विचारावी. ती वारंवार चुकत असेल, तर अडचण केवळ मेळाची नाही. बोटांच्या स्थितीची जाणीवही कमी झाली आहे, आणि मग सराव तळव्याकडे पाहतच करावा लागेल.