गणपती गेले की डोळ्यांना खाज : तुमचे अनुभव लिहा

पुण्याच्या कडेला राहतो. शेजारचा रिकामा प्लॉट या दिवसांत गाजरगवताच्या फुलांनी पांढरा होतो आणि आमच्या घरात डोळे चोळणं सुरू होतं. दोन्ही डोळ्यांना एकदम खाज, नाकाकडच्या कोपऱ्यात जास्त, पाणी, वर शिंका. डॉक्टर म्हणाले, हंगामी अ‍ॅलर्जी. तुम्हाला कशाने होतं, कसं ओळखलंत, उतार कशाने पडतो, ते लिहा. डोळ्यात मध घालायचा सल्ला कृपया नको.

रानजाई
2023च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती, तेव्हा माझे लाल डोळे बघून ऑफिसने घरी पिटाळलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "खाज जास्त की चिकटतात जास्त?" साथीत बहुतेकदा आधी एक डोळा येतो, मग दुसरा, खुपतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. माझं दोन्हीकडे एकदम, नुसती खाज आणि पाणी. अ‍ॅलर्जी कुणाला लागत नाही. हे ऑफिसात कितीही सांगा, बाजूची खुर्ची रिकामीच राहिली!

परदेशी पाटील
न्यू जर्सीत ऑगस्टच्या मध्यापासून थंडीचा कडाका पडेपर्यंत रॅगवीड नावाचं तण छळतं. पुण्यात गाजरगवताने व्हायचं, अगदी तेच. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं. इथे लोक पिवळ्याधमक गोल्डनरॉडला शिव्या घालतात, पण त्याचे पराग जड आणि चिकट, ते किडे वाहून नेतात. वाऱ्यावर उडतात ते रॅगवीडचे, आणि त्याची हिरवट फुलं कुणाच्या नजरेतही भरत नाहीत. मी डॉक्टरांना विचारून हंगामाच्या थोडं आधीच ओलोपॅटाडिनचे, म्हणजे अ‍ॅलर्जीवरचे, थेंब सुरू करतो. त्या दिवसांत लेन्स बंद, चष्मा. झोपण्याआधी केस धुतो, नाहीतर सगळे पराग उशीवर.

लेकुरवाळी
आमचं प्रकरण जरा मोठं आहे. जळगाव, मुलगा आठ वर्षांचा. मार्च लागला की उन्हात डोळे उघडत नाहीत, डोळ्यांतून दोऱ्यासारखा पांढरा चिकट स्राव, आणि मुठींनी इतकं चोळतो की बघवत नाही. डॉक्टरांनी वरची पापणी उलटून दाखवली. आत बारीक फरशी बसवल्यासारखे उंचवटे! अ‍ॅलर्जीच्या या प्रकाराला व्हर्नल म्हणतात. उष्ण कोरड्या भागात, मुलग्यांमध्ये जास्त. बहुतेकांचं वयात आल्यावर कमी होतं.
पहिल्या वर्षी स्टेरॉइडचे थेंब थोड्याच दिवसांसाठी दिले होते. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांनी जुनी चिठ्ठी दाखवून तेच आणले, मेडिकलवाल्याने काही न विचारता दिले, महिनाभर चालू. तपासणीत डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. वेळेत कळलं म्हणून थेंब बंद केल्यावर उतरला. असाच वाढलेला राहिला तर काचबिंदू होऊ शकतो, आणि स्टेरॉइडने मोतीबिंदूचाही धोका. आता बाटलीवर स्टेरॉइडचं नाव आहे का, हे मी आधी वाचते. चोळण्यावरही घरात सक्त पहारा आहे, कारण सतत चोळून बुबुळाचा आकार शंकूसारखा होऊ शकतो. खाज आली की फ्रीजमधल्या पाण्यात भिजवलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर. तेवढ्याने बरंच भागतं.

तोक्योवासी
इथे फेब्रुवारी ते एप्रिल 'सुगी' नावाच्या जपानी सीडर झाडांचे पराग. युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी लावली, त्याचं हे फळ. हवामानाच्या बातम्यांत परागांचा अंदाज असतो. बाजूने बंद असलेले चष्मे मिळतात, दिसायला विचित्र, पण फरक पडतो.

शंकासुर
गुलाबपाणी चालतं का? आई घालायची.

लेकुरवाळी
@शंकासुर, आमच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. ते निर्जंतुक नसतं. नुसता गारवा हवा असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रीजमध्ये ठेवा. आणि दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा उजेड अजिबात सहन होत नसेल, तर घरगुती काही न करता डोळे दाखवा.

धागाकर्ता
प्लॉटचा मालक फोन उचलत नाही. फुलं येण्याआधी गवत मुळासकट उपटायला हवं होतं, आता हात लावला की पराग उडणार. पुढच्या जूनमध्ये सोसायटीकडून माणसं लावायचं ठरतंय. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट द्यायचे, कारण त्या गवताने अंगावरही चट्टे उठतात. कुणी आधी केलं असेल तर उपटलेल्या गवताचं काय केलंत, तेही लिहा.