चेरोकीचा मागचा एक्सल बदलायचाय, खिशात बाराशे डॉलर. काय घेऊ?

माणदेशी_जीपवाला

नमस्कार मंडळी. गाव म्हसवड, पोटापाण्यासाठी मुक्काम डेन्व्हर. गाडी १९९९ची जीप चेरोकी, ४.० लिटर, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक. तीन इंच उचललेली, ३१ इंची टायर. ३३ टाकायचा मोह दोन वर्षांपासून आहे.

गेल्या महिन्यात आम्ही चार गाड्या घेऊन रेड कोन नावाच्या डोंगराळ ऑफ-रोड वाटेवर गेलो होतो. एका दगडी पायरीवर मित्राच्या रँग्लरचं मागचं उजवं चाक अडकलं. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाक फिरलं आणि फिरता फिरता दगडाला घट्ट धरून बसलं. ‘टक्क’ असा आवाज आला, नारळ फोडल्यासारखा. तो उतरून बघतो तर चाक शाफ्टसकट वीतभर बाहेर आलेलं. तिथून गाडी खाली आणेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले, आणि थंडी काय होती ते विचारू नका.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन मी आपल्या गाडीखाली शिरलो. डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गोळ्याचं) झाकण अंडाकृती, तेल भरायच्या भोकाला रबरी बूच. म्हणजे माझ्याकडेही मित्राच्या गाडीतला तोच डेना ३५ (डेना ही एक्सलची कंपनी). गाडी घेताना ‘एबीएस आहे’ म्हणून खूश झालो होतो. आता कळतंय की एबीएसवाल्या चेरोकीला कंपनी हाच एक्सल द्यायची.

तर प्रश्न असा. सगळं मिळून बाराशे डॉलर आहेत. डोक्यात चार गोष्टी घोळतायत: याच डेना ३५मध्ये जाड शाफ्ट घालावेत, फोर्ड एक्सप्लोररचा ‘८.८’ नावाचा एक्सल बसवावा, कुठला तरी डेना ४४ शोधावा, की एकदाच काय ते डेना ६० टाकून मोकळं व्हावं? मला वेल्डिंग येत नाही, मित्राकडे मशीन आहे. आणि हीच गाडी हिवाळ्यात पोरांना शाळेत सोडते, हे ध्यानात ठेवून सांगा.

लोखंडी_लिंबू

डेना ६० आधी डोक्यातून काढ. वस्तू भारी आहे यात वाद नाही. क्राऊन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) पावणेदहा इंची, तुझ्या डेना ३५चा जेमतेम साडेसात. पण तो येतो मोठ्या पिकअपचा, आठ बोल्टचा. म्हणजे रिम नवे, टायर नवे, पुढचा एक्सलही तसलाच हवा, मग स्टिअरिंग. बाराशेत त्याचा भाडोत्री टेम्पो येईल.

डेना ३५मध्ये जाड शाफ्ट घालणं म्हणजे पत्र्याच्या पेटीला पितळी कुलूप. शाफ्ट टिकेल, मग क्राऊन-पिनियनचे दात जातील.

एक्सप्लोररचा ८.८ मी दोन गाड्यांना बसवलाय, त्यामुळे त्याचं सविस्तर सांगतो. १९९५ ते २००१ या सालातलाच घ्यायचा. या सालात मागे डिस्क ब्रेक आहेत, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ खाचांचे) आहेत, आणि चाकाचे पाच बोल्ट तुझ्या जीपच्याच मापाचे, साडेचार इंची वर्तुळावर. २००२पासून एक्सप्लोररला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तो काही कामाचा नाही. रुंदीला इंचभर कमी भरतो, त्यानं काही बिघडत नाही. भंगारात मला एक १८० डॉलरला मिळाला, दुसरा २४०ला.

आता खरा खर्च ऐक. एक्सप्लोररला पाटे एक्सलच्या खालून जातात, चेरोकीला वरून. म्हणजे जुन्या बैठका कापायच्या आणि नव्या वरच्या अंगाला वेल्ड करायच्या. एक्सलची नळी सव्वातीन इंची, तुझ्या नळीपेक्षा जाड, त्यामुळे यू-बोल्ट नवे. शॉकअपच्या बैठका नव्या. पिनियनवर फोर्डची गोल फ्लँज असते, तिला तुझा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद आणणारा लांब दांडा) जोडायला अडॅप्टर. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या केबली. शिवाय नळ्या मधल्या बिडाच्या गोळ्यात नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, जोर आला की गोळा नळीवर फिरतो. म्हणून तो जोडही वेल्ड करून घेतात. बीड आणि स्टील एकमेकांना जोडायचं म्हणजे आधी तापवून, निकेलच्या रॉडनं, आणि मग सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली की तडा गेलाच. दोनशेचा एक्सल जमिनीवर उभा राहीपर्यंत माझे साडेआठशे गेले, मजुरी न धरता.

बैठका मात्र शेवटी वेल्ड करायच्या. गाडीचं वजन पाट्यांवर येऊ दे, पिनियनचा कोन ट्रान्सफर केसशी (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीशी) जुळव, नुसते टाके मार, पुन्हा माप घे, आणि मग पक्कं कर. पहिल्या गाडीला मी आधीच पक्कं केलं आणि ताशी पन्नास मैलांना सीट थरथरायला लागली. सगळं कापून परत केलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: डेना ३५सारखाच ८.८लासुद्धा शाफ्ट आत सी-क्लिपनंच (सी आकाराच्या छोट्या कडीनं) धरलेला असतो, म्हणजे तुटला की चाकासकट बाहेर येऊ शकतो. फक्त शाफ्ट जाड आहे, आणि तुटलाच तर डिस्कवरचं कॅलिपर चाकाला थोडं धरून ठेवतं.

रेडरॉक_राणी

लिंबूदादांचं सगळं खरं, पण तुम्ही एक्सलचा प्रश्न विचारताय आणि अडलंय टायरवर. मी सॉल्ट लेकला असते, मोआबच्या दगडी वाटा चार तासांवर, दोन चेरोकी मोडून झाल्यात. माझं म्हणणं ऐका.

तुमच्या गाडीचा रेशो (दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) ३.५५ असणार, ४.० ऑटोमॅटिकला सहसा तोच येतो. मूळ टायर साधारण २८ इंची होते. ३३ टाकले की त्याच रेशोची ताकद मूळ गाडीच्या ३.०१ एवढी उरते. घाटात गाडी गिअर शोधत बसेल. ३३वर मूळचा दम परत हवा असेल तर ४.१० लागतो. आणि मागे ४.१० म्हणजे पुढेही ४.१०, त्याला पर्याय नाही. पुढच्या डेना ३०मध्ये ३.५५ आणि ४.१०चे कॅरिअरही (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) वेगळे, त्यामुळे नुसते क्राऊन-पिनियन बदलून भागत नाही. दुकानात पुढचं-मागचं बसवून घ्यायला गेलात तर बाराशे तिथेच संपले.

गरिबांची युक्ती एकच आहे. चार सिलिंडर, मॅन्युअल चेरोकीला पुढे ४.१० असतो. तो अख्खा एक्सल काढून आणायचा, नटबोल्टांवर बसतो. मागे ४.१०चा एक्सप्लोरर. दोन्ही भंगारातून, गिअर सेटिंगचा एक पैसा नाही. पण चार सिलिंडरची चेरोकी भंगारात सापडणं म्हणजे नशीब.

आणि ३१वरच राहणार असाल तर यातलं काहीच नको. १९९७ ते २००१च्या बिनएबीएसच्या चेरोकीचा क्रायस्लर ८.२५ उचला. त्याला २९ स्प्लाइनचे शाफ्ट असतात. झाकण खालून सपाट, लांबूनही ओळखू येतं. बैठका जागच्या जागी, वेल्डिंग शून्य, ऑटोमॅटिक गाडीचा घेतलात तर रेशोही तुमचाच. त्याच गाडीचा प्रोपेलर शाफ्टही सोबत काढून आणा, लांबीचा घोळ नको. मी माझा एका रविवारी बसवला. सोमवारी ऑफिसला तीच गाडी.

पोरांना शाळेत सोडायची गाडी आहे म्हणता, तर माझं मत ३१ आणि ८.२५.

उद्यमनगर

कोल्हापुरातून लिहितोय. तुमच्या भंगाराचे भाव वाचून पोटात दुखलं.

रेशोवरून माझी फजिती सांगतो. घरी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मागच्या डिफरन्शियलचे दात गेले. एका भंगारवाल्यानं ‘सेम टू सेम, जीपचाच आहे’ म्हणून गोळा दिला. बाहेरून खरंच सेम. बसवला, टू व्हीलमध्ये महिनाभर झकास. मग पावसाळ्यात पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला चिखलात फोर व्हील लावला, तिथेही चालली. वर डांबरीवर आलो तर गाडी कोणी मागून धरल्यासारखी चालेना आणि लिव्हर काही केल्या निघेना. शेवटी एक चाक जॅकवर उचलल्यावर खाड्‌कन सुटली. उद्यमनगरात उघडून दात मोजले: पुढे ४३ आणि ८, मागे ३९ आणि ८. म्हणजे ५.३८ आणि ४.८८. चिखलात टायर घसरतो म्हणून फरक खपून गेला. डांबर थोडंच सोडतंय.

म्हणून विकत घेण्याआधी मोजा. एक्सलवर रेशोची पट्टी असेल-नसेल, तिच्यावर विसंबू नका. एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं (एकच चाक फिरतं, म्हणून दोन) आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते बघायचं. साडेतीनच्या किंचित वर आला तर ३.५५. खडूनं खूण करा, नजरेनं अंदाज नको.

बाकी तुमच्याकडे असले उद्योग निवांत करता येतात. इथे मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही. म्हणून आम्ही जे मूळ होतं तेच परत बसवतो.

माणदेशी_जीपवाला

सगळ्यांचे आभार. ताईंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. ३३साठी गाडी आणखी दीड इंच उचलायची, मडगार्ड कापायचे, आणि वर ४.१०. हे सगळं कागदावर मांडलं, बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “दुसरी गाडीच का घेत नाहीस?” विषय संपला. ३१च.

शनिवारी भंगाराच्या यार्डात गेलो होतो. आधी एक एक्सप्लोरर दिसला, मोह आवरेना. रेशोची पट्टी गायब. उद्यमनगरवाल्या भाऊंचा खडू खिशात होताच. तिथल्या गाड्या वेल्ड केलेल्या रिमांवर टेकवून ठेवतात, त्यामुळे दोन्ही चाकं हवेत. लेकीला म्हटलं, तू तिकडचा हब घट्ट धर, मी इकडचा फिरवतो. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारली. दोन फेऱ्यांत रेघ पावणेचारच्या जवळ. परत केलं, तेच. ३.७३ निघाला. पुढे ३.५५, म्हणजे माझी कोल्हापूरची जीप झाली असती. सोडून दिला.

तिसऱ्या रांगेत २०००ची चेरोकी, समोरून चेपलेली, मागून कोरी. झाकण खालून सपाट! पुन्हा खडू, साडेतीनच्या वर थोडं. झाकण उघडलं, क्रॉस पिन काढली, सी-क्लिप काढून एक शाफ्ट ओढला. लेकीनं नखानं एकेक स्प्लाइन मोजली, तीनदा. पहिल्यांदा २८, मग दोनदा २९. तेल काळं होतं, पण चुंबकाला फक्त लोखंडाचा मऊ चिखल, दाताचा तुकडा नाही. एक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट मिळून १६५ डॉलर. पाट्यांचे यू-बोल्ट चार तास निघत नव्हते, शेवटी कापले.

आता सील, ब्रेक शू, व्हील सिलिंडर आणि तेल आणतोय. एकच राहिलं: माझ्या गाडीचे यू-बोल्ट काढताना नीट निघाले, तेच परत वापरू का?

लोखंडी_लिंबू

नाही. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट परत घट्ट बसत नाहीत. नवे घे, आणि शंभर मैल चालवल्यावर पुन्हा आवळ.

रेडरॉक_राणी

लेकीला एक्सल मोजणीचे पैसे दिलेत की नाही?