शार्पनिंग ४० वरून शून्यावर आणून नेमकं काय कमावता?

अर्धा_स्टॉप
कालपासून एक पोस्ट इकडून तिकडे फिरतेय. सारांश असा की लाइटरूम (ॲडोबीचं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) टाकलं की पहिलं काम, डिटेल पॅनेलमधलं शार्पनिंग, म्हणजे कडा टोकदार करणारी सेटिंग, शून्य करा आणि तेच डिफॉल्ट करून टाका, कारण ॲडोबी न विचारता ढवळाढवळ करते आणि खरा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल, तुम्हाला दिसूच देत नाही. खाली ‘धन्यवाद सर, डोळे उघडले’ अशी रांग. मी सोडून देणार होतो, पण आज ओळखीतल्या एका पोराने अख्खा कार्यक्रम शून्यावर एक्सपोर्ट करून दिला आणि वर मलाच विचारतोय, लेन्स सॉफ्ट झालीय का, सर्व्हिसला टाकू का. म्हणून लिहितोय.

अहो, खरा रॉ असा काही दिसत नसतो. सेन्सरवर एका पिक्सेलला एकच रंग मिळतो, रंगांच्या या मांडणीचं बेयरचं पेटंट १९७६ चं, तेव्हापासून हेच चाललंय. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरायचे, आणि त्या भरण्यात कडा मऊ पडतात. पुढे लो-पास फिल्टर असेल तर त्याने मोआरे (बारीक विणीवर उमटणाऱ्या खोट्या लहरी) टाळायला आधीच थोडं पुसट केलेलं असतं. लाइटरूमचा रॉसाठीचा डिफॉल्ट, ४० अमाउंट (किती शार्प), १ रेडियस (कडेची रुंदी), २५ डिटेल (बारीक तपशिलावर जोर), हे गेलेलं तेवढंच भरून काढायला आहे. चष्म्याचा नंबर समजा. जेपेग कॅमेऱ्यातूनच शार्प होऊन येतो म्हणून लाइटरूम जेपेगला शून्य लावतं, एवढा साधा विचार त्यात आहे. ढवळाढवळ कसली डोंबलाची.

शून्य_शार्प
ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहायचं होतं की, भीती कसली.

बेयर आम्हालाही माहितीये. मुद्दा वेगळाय. आधी हा आकडा २५ होता, एप्रिल २०१८ ला ॲडोबी कलर हे नवं रंगांचं प्रोफाइल आलं त्याच अपडेटमध्ये त्याचा ४० झाला. कॅमेरा तोच, लेन्स तीच, मग गणित बरोबर होतं तर बदललं कशाला? सरळ आहे, पहिल्या नजरेत फोटो ‘कडक’ दिसावा म्हणून. आणि मास्किंग (शार्पनिंग फक्त कडांपुरतं ठेवणारा स्लायडर) कितीवर आहे ते तुम्ही शिताफीने लिहिलं नाहीत. शून्यावर! म्हणजे आकाश, गाल, मागचा धूसर भाग, सगळ्यावर सरसकट ४०. आयएसओ ६४०० ला, म्हणजे कमी प्रकाशात, काढलेल्या फोटोत कडा कमी आणि दाणेच जास्त शार्प होतात. मी माणसांचे फोटो काढतो, मला कुणाच्या गालावरची छिद्रं टोकदार करायची नाहीत. शून्यापासून सुरुवात केली की जे काही वाढवीन ते माझं असतं.

पक्षीवेडा
शून्यावर ठेवून एकदा पक्ष्यांचे फोटो निवडून दाखवा राव. एका बर्स्टमधल्या (सलग झटपट काढलेल्या) वीसेक फ्रेम सारख्याच दिसतात, फोकस डोळ्यावर आहे की मानेच्या पिसांवर हे १०० टक्के झूम करूनही कळत नाही. ४० ला लगेच कळतं. मला डिफॉल्ट निवडीसाठी लागतो, फायनल फोटोचं नंतर बघू.

मॅट_पेपर
दोघांचंही चाललंय ते ठीक, पण हे सगळं कुणासाठी? मागे घरातल्या एका कार्यक्रमाचे फोटो मी दिले, व्यवस्थित, मास्किंग लावून, त्वचेला हात न लावता. मावशीने दोन बोटांनी झूम केलं आणि शेजारी मुलाच्या फोनमधला तोच क्षण धरला. म्हणे, ‘बघ, याच्यात किती क्लिअर आलंय.’ मी बघितलं तर फोनवाल्यात केसाची प्रत्येक बट तारेसारखी, खांद्याच्या कडेने चक्क पांढरी रेघ, मागच्या झाडाची पानं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. आणि तेच सगळ्यांना आवडलं, फॅमिली ग्रुपचा डीपीसुद्धा तोच झाला. त्या दिवसापासून मला २५ की ४० या वादात रस उरला नाही. लोकांचे डोळेच फोनने बिघडवलेत.

शून्य_शार्प
+१. आणि ॲडोबीचा ४० हा त्याच रोगाचा सौम्य प्रकार.

नवा_सेन्सर
‘फोनने डोळे बिघडवले’ हे वाक्य आता पाठ झालंय. फोन नुसता शार्प करत नाही हो, एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन एकावर एक जुळवतो, नॉइज (दाणे) उतरतो, मग शार्पनिंगला वाव मिळतो. नखाएवढ्या सेन्सरवर अंधारात ते जे करतात ते तुमच्या कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये करून दाखवा. मावशीला आवडलं कारण तिला चेहरा दिसला. तुमच्यात तो कदाचित हललेला असेल.

मॅट_पेपर
हललेला नव्हता. १/२५० सेकंदाला काढलाय. फोटो न बघता निदान करायची सवय चांगली आहे.

नवा_सेन्सर
तुम्हीही मावशीचे डोळे न तपासताच बिघडलेले ठरवलेत. हलके घ्या.

पक्षीवेडा
अवांतर: मावशीला पाठवलात कसा? मेसेजमधून पाठवला असेल तर ॲपने आधी बारीक केला, मग वरून दाबला. लहान करताना बारीक तपशील जातोच, म्हणून तर एक्सपोर्टमध्ये आउटपुट शार्पनिंग वेगळं दिलंय, स्क्रीन, मॅट, ग्लॉसी, प्रत्येकात लो-स्टँडर्ड-हाय. ते तुम्ही लावलंत का?

मॅट_पेपर
नाही लावत. एकदा ‘ग्लॉसी-हाय’ लावून फाइल प्रिंटला दिली, लॅबने त्यांच्या बाजूने परत शार्प केली, आणि प्रिंटमध्ये चष्म्याच्या काड्यांना दुहेरी कडा आल्या. विचारलं तर म्हणे आमच्याकडे सगळ्यांनाच करतो. डिफॉल्ट! तेव्हापासून मी त्या खिडकीला हात लावत नाही.

अर्धा_स्टॉप
म्हणजे लॅबने केलेल्या उद्योगाची शिक्षा स्क्रीनवर बघणाऱ्यांना. वा. शार्पनिंगवर पुस्तक लिहिणारा ब्रूस फ्रेझर २००६ ला गेला, त्याच्या आधीच तो कॅप्चर (रॉमध्ये गेलेलं भरणं), क्रिएटिव्ह (हवं तिथेच), आउटपुट (स्क्रीन किंवा प्रिंटसाठी) असे तीन टप्पे वेगळे करून सांगून गेलाय. ४० हा पहिला टप्पा. मावशी तिसऱ्या टप्प्यात येते. तुम्ही दोन्ही एकाच पातेल्यात ढवळताय आणि राग ॲडोबीवर काढताय.

मॅट_पेपर
मी ॲडोबीचं नावही घेतलं नाहीये. नीट वाचत जा.

सहा_बाय_सहा
फूजीवाल्यांचं कोण बोलणार? आमचा पॅटर्न बेयरचा नाहीच. एक्स-ट्रान्सवर, म्हणजे फूजीच्या सेन्सरवर, हाच ४० लावला आणि डिटेल जरा वर नेलं की झाडीत वेड्यावाकड्या रेषांची गांडुळं वळवळायला लागतात. २०१९ ला एन्हान्स डिटेल्स (रंग भरायची सुधारित पद्धत) आलं, पण तेव्हा त्यात प्रत्येक फोटोची वेगळी डीएनजी फाइल व्हायची, हार्ड डिस्क रडायला लागायची. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच डिफॉल्ट, हेच मुळात चुकीचंय.

शून्य_शार्प
बघा! हेच म्हणतोय मी.

अर्धा_स्टॉप
तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही सगळ्यांना सरसकट शून्य सांगत होतात, तोसुद्धा सगळ्या कॅमेऱ्यांना एकच डिफॉल्टच झाला.

शून्य_शार्प
मी लोकांना विचार करायला लावत होतो. विचार न करता शून्य केलं आणि लेन्स सर्व्हिसला टाकायला निघाले तर त्याला मी काय करू? अशा माणसाला ४० दिलं काय आणि १५० दिलं काय. आणि तुमचा स्वर बघता तुम्हाला उत्तर नकोच आहे, फक्त ‘मी वाचलंय’ हे दाखवायचंय.

अर्धा_स्टॉप
हो, वाचलंय. गुन्हा झाला.

पक्षीवेडा
भांडा निवांत, तोवर कुणाला काही करायचं असेल तर सांगतो. प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्सच्या टॅबमध्ये रॉ डिफॉल्ट्स आहे, २०२० पासून. तिथे प्रत्येक कॅमेरा मॉडेलला वेगळा प्रीसेट (साठवलेल्या सेटिंगचा संच) लावता येतो. त्याहून कामाचं म्हणजे एकाच कॅमेऱ्याचे कमी आणि जास्त आयएसओचे दोन रॉ घ्या, दोन्हींवर मनासारखं शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन करा, दोन्ही सिलेक्ट करून प्रीसेट बनवा, त्यात आयएसओ अडॅप्टिव्हवर टिक करा. मधल्या आयएसओंचे आकडे ते स्वतः काढतं. माझ्याकडे आयएसओ ४०० ला अमाउंट ५०, मास्किंग ३०, आणि ६४०० ला अमाउंट २५, मास्किंग ८०. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, पांढरं दिसतं तिथेच शार्प होतं. पक्ष्याची बाह्यरेषा, डोळा आणि चोच पांढरी उरली आणि मागचं आकाश पूर्ण काळं झालं की थांबायचं. फूजीवाल्यांनी त्यांच्या मॉडेलला अमाउंट उतरवून ठेवावं, गांडुळं निम्मी होतात.

सहा_बाय_सहा
निम्मी म्हणजे उरलेली निम्मी मी पाळायची का?

नवा_सेन्सर
पैसेच द्यायचे नसतील तर रॉथेरपी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ५.८ आवृत्तीपासून कॅप्चर शार्पनिंग वेगळं टूल आहे, ब्लर किती आहे ते फाइलवरून स्वतः अंदाजतं. ४० विरुद्ध शून्य हा वादच तिथे होत नाही.

शून्य_शार्प
ऑल्ट दाबून बघितलं. आयएसओ ६४०० च्या पोर्ट्रेटला मास्किंग ७५ वर पापण्या, भुवया आणि ओठांची कड एवढंच पांढरं उरतं, गाल काळा. ठीक आहे. हे अडॅप्टिव्ह प्रकरण बरं दिसतंय, पोस्टमध्ये भर घालतो. पण लक्षात घ्या, हे सगळं ४० च्या जागी स्वतःचं काहीतरी बसवण्यासाठीच चाललंय, म्हणजे डिफॉल्टवर विश्वास ठेवू नका हेच सिद्ध झालं.

अर्धा_स्टॉप
झालं बुवा तुमचंच खरं. फक्त भर घालताना ‘शून्य करा’ ही ओळ खोडाल का? राहू दिलीत तरी चालेल, लेन्स सर्व्हिसवाल्यांचा धंदा होईल.

शून्य_शार्प
ओळ राहील. खाली ‘ज्यांना मास्किंग कळतं त्यांनी पुढे वाचा’ असं टाकतो.

पक्षीवेडा
टाकताना हेही टाका की नवा डिफॉल्ट नव्या इम्पोर्टलाच लागतो, जुन्या फोटोंना आपोआप नाही. पण जुन्यावर रीसेट मारलं तर लागतो, आणि मग तुमचं आधीचं एडिटही जातं. ‘सगळं सिलेक्ट करून रीसेट करा’ असं कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो.