मदत हवी आहे: कटाचा दावा विश्वास ठेवण्याजोगा आहे का, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी. १९६९ची चांद्रमोहीम स्टुडिओत चित्रित झाली, असं माझा दादा गेले काही महिने ठामपणे सांगतोय. मला भांडायचं नाहीये, त्याच्याशी नीट बोलायचंय.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची कसोटी (दावा खोटा ठरू शकेल अशी काही शक्यता असायला हवी) लावून पाहिली: काय दिसलं तर तू मत बदलशील? सहा मोहिमांनी आणलेले ३८२ किलो दगड-माती, तिथे ठेवलेल्या परावर्तकांवरून आजही परतणारे लेझर किरण, सगळं सांगितलं. उत्तर एकच, "तेही कटात सामील." शीतयुद्धातला सोव्हिएत संघसुद्धा! ब्रायन कीली या तत्त्वज्ञांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलंय: असा दावा टिकवायचा तर अविश्वासाचं वर्तुळ वाढवतच न्यावं लागतं, आणि शेवटी कशावरच भरवसा उरत नाही. मला हे अगदी पटतं.

पण अडते ती इथे. वॉटरगेट, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षावर केलेली हेरगिरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न, हाही कटच होता, आणि तो खरा निघाला. मग 'एवढी माणसं गप्प बसतील कशी' एवढ्यावरून दावा फेटाळणं रास्त आहे का? ऑकमचा वस्तरा (कमीत कमी गृहीतकं लागणारं स्पष्टीकरण निवडावं, हे तत्त्व) इथे पुरेसा पडतो का? तत्त्वज्ञान शिकलेल्यांनी कृपया सांगा, एखादा दावा तपासायला वेळ द्यावा इतपत दखलपात्र आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता?