थिजणे की गोठणे? (निमित्त विमानाच्या इंधनाचं)

टिळकवाडीहून प्रश्न:
भाचा हत्तरगीला विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागलाय. त्याच्यासाठी इंधनप्रणालीवर एक टिपण मराठीत लिहितोय. ‘जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस’ असं लिहून मोठ्यानं वाचलं, तर आई म्हणाली, “तेल कुठं गोठतंय रे? तेल थिजतंय.” शाळेच्या पुस्तकात गोठणबिंदूच आहे. काय ठेवू?

खानापूर:
आईंचं ठेवा. पाणी गोठतं, तूप नि खोबरेल थिजतं, रक्त साकळतं, दूध विरजतं. पौषात आमच्याकडं खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय वेणीफणी होत नाही, पण ‘तेल गोठलं’ कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि जेटचं इंधन म्हणजे घासलेटच की ओ, रेशनच्या निळ्या घासलेटाचा सोवळा भाऊ. ते पाण्यासारखं एका ठरावीक अंशाला बर्फ होत नाही. त्यातले मेणासारखे घटक आधी बारीक स्फटिक होऊन बाहेर येतात, मग सगळंच दाट होत जातं. गंमत म्हणजे तो उणे ४७ चा आकडा काढायची रीतही उलटी आहे: आधी थंड करून स्फटिक होऊ द्यायचे, मग सावकाश ऊब देत शेवटचा स्फटिक कुठल्या तापमानाला नाहीसा होतो ते बघायचं. म्हणजे खरं तर तो वितळण्याचा आकडा! पण ते जाऊ दे.

निपाणी:
कन्नडमध्ये दोन्हीला ‘हेप्पुगट्टु’ चालतं. रक्तालाही तेच, तळ्यालाही तेच. त्यांचं काही अडत नाही. मराठीनंच दोन-दोन शब्द कशाला सांभाळायचे? परीक्षेत गोठणबिंदू लिहिला तरच मार्क मिळतात.

उद्यमबाग:
निपाणीकर, इथं मात्र दोन शब्द पाहिजेतच. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोवर धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं. ऐन उतरताना दोन्ही इंजिनांना इंधन पुरेना. सुदैवानं कोणी दगावलं नाही. पहिला संशय अर्थात तेल थिजल्याचा. पण त्या प्रवासात इंधन फार तर उणे ३४ पर्यंत गार झालं होतं आणि ते विशिष्ट इंधन थिजणार होतं उणे ५७ ला (उणे ४७ ही जेट ए-१ ला घालून दिलेली मर्यादा, एखादं इंधन त्याहून गारठ्यातही तग धरतं). तेल थिजलंच नव्हतं. गोठलं होतं ते त्यातलं पाणी.

घासलेटात थोडं पाणी नेहमीच विरघळलेलं असतं, गारठ्यात ते सुटं होतं. त्याचा बर्फ नळ्यांच्या आत धरला आणि जास्त इंधन मागितल्यावर एकदम सुटून पुढं गेला. पुढं उष्णता विनिमयक (आमच्या शॉपमध्ये कुणी असं म्हणत नाही, ‘एक्स्चेंजर’च म्हणतात). त्यात इंजिनाचं कडक तापलेलं वंगण इंधनाला शेक देतं आणि स्वतः निवतं. एका दगडात दोन पक्षी. पण आतल्या बारीक नळ्यांची तोंडं पत्र्याच्या थोडी बाहेर आलेली होती, तिथंच बर्फ साचून वाट बुजली. नंतर ती तोंडं पत्र्याशी सपाट केली, एवढाच बदल. ‘इंधन गोठलं’ असं एकच वाक्य लिहिलं असतं तर चूक नेमकी कुठं होती ते कळलंच नसतं.

निपाणी:
बरं, हरलो. पण मार्कांचं काय?

खानापूर:
पाण्याच्या धड्यात गोठणबिंदू, तेलाच्या धड्यात थिजणबिंदू. दुसरा शब्द कोशात नसेल तर घालायचा. ‘प्रोथ’ म्हणजे घोड्याची नाकपुडी, ती नॉझलला चालवून घेतलीच ना? आपली तोटी घरात असताना!

टिळकवाडी:
आभार. वाक्य असं केलं: ‘हे इंधन उणे ४७ अंशांच्या खाली थिजू लागतं, पण त्यातलं पाणी त्याच्या कितीतरी आधी गोठतं.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “घासलेटात पाणी? रेशनवाला विमानापर्यंत पोचला व्हय?”