बाबांचा स्वेटर, ८ नंबरच्या सुया आणि "तेवढं आम्हाला पण करून दे ना"

उलटसुलट_नाशिक:

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. बीएस्सी झालंय, आता एमएस्सी करायचं का बँकेच्या परीक्षा द्यायच्या यावर घरात रोज जेवताना चर्चासत्र असतं, तोवर सकाळी अभ्यासिकेत जाते, संध्याकाळी आठवी नववीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेते आणि उरलेल्या वेळात विणते. (आई म्हणते विणून उरलेल्या वेळात बाकीचं करते.) आजीने लहानपणी सुलट-उलट शिकवलं होतं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी परत सुया हातात घेतल्या त्या काही सुटल्या नाहीत. मफलर, कानटोप्या, भाचीचा अख्खा बाळंतविडा, मैत्रिणींना क्रोशाची सूर्यफुलं, बाबांच्या गाडीच्या किल्लीला एक वाकडं वांगं, असं सगळं झालंय.

आता बाबांना स्वेटर करायचाय. ते सातपूरला कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्ट असली की सहाच्या आत गाडी काढतात आणि डिसेंबर-जानेवारीतली आपली थंडी म्हणजे काय ते निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. नेटवर एक फुकट पॅटर्न मिळाला, गळ्यापासून सुरू करून वरून खाली विणायचा, रॅगलन (म्हणजे गळ्यापासून बगलेपर्यंत तिरका जोड असलेल्या) बाह्यांचा, एकदम साधा. त्यात लिहिलंय सुई नंबर ८ आणि १० सेंमीत १८ टाके. मी मेन रोडवरून ८ नंबरचीच गोल सुई आणली, नमुना विणला तर १० सेंमीत २२ टाके भरतात. हात सैल सोडून बघितला तरी २१, त्याखाली येतच नाही. बाबांची छाती ४०, स्वेटर ४२ चा हवा, पॅटर्नमध्ये त्या मापाला बगलेखाली एकूण १९२ टाके आहेत. तसंच रेटू का? धुतल्यावर लोकर सैल पडते म्हणतात ना.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. शेजारच्या एक काकू त्यांच्या सुनेच्या सातव्या महिन्यासाठी बाळाचा सेट मागतायत आणि त्यांच्या भिशीतल्या अजून दोघीतिघी. सगळ्यांचं वाक्य एकच, "तू घरीच असतेस ना, तेवढं आम्हाला पण करून दे ना." पैशांचा विषय कोणीच काढत नाही आणि मला काढता येत नाही. काय सांगायचं आणि किती सांगायचं?

देवळालीची_काकू:

अगं बाई, १९२ ने अजिबात सुरू करू नकोस. तुझ्या हातात दोष नाही, नंबरात आहे. पॅटर्न अमेरिकन असणार. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिमी. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात, आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे उलटी गंगा, त्यांचा नंबर वाढला की सुई जाड होते, आपला वाढला की बारीक. आपली १० नंबर सव्वातीन मिमी आणि त्यांची १० नंबर तब्बल ६ मिमी. त्यामुळे नंबर वाचायचाच नाही, मिमी वाचायचे. सुईवर छापलेले नसतील तर दुकानात भोकाभोकांची मोजपट्टी मिळते ती घे.

५ मिमी हवी असेल तर आपल्याकडची ६ नंबर माग. पण आधी लोकर बघ. तुझी लोकर बारीक असेल आणि नुसती सुई जाड घेतलीस तर १८ टाके भरतील खरे, पण वीण विरळ होईल आणि पहाटे गाडीवर गार वारा थेट छातीत. लेबलवर चार पदरी लिहिलंय म्हणून जाड असेलच असं नसतं, चार बारीक पदर पण चारच असतात.

आणि मला विचारशील तर हे वरून खालीचं फॅड सोड. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या वेगळ्या आणि शेवटी शिवून टाकायचं. शिवणीने स्वेटर अंगावर धरून राहतो, खांदे उतरत नाहीत. आमच्या यांचा वीस वर्षांपूर्वीचा अजून उतरला नाही.

लोकरवेडी:

काकूंना नंबरांबद्दल शंभर टक्के अनुमोदन, शिवणीबद्दल मात्र नाही :) वरून खाली विणण्याचा फायदा हा की बगल झाली की टाके दोऱ्यावर ओवून बाबांच्या अंगात घालून बघता येतं. लांबी कमी वाटली तर खालून उसवायचं आणि चार ओळी वाढवायच्या. वेगळे भाग शिवून झाल्यावर कळतं की बाही मनगटाच्या वरच राहते तेव्हा काय करणार.

@उलटसुलट, जरा हिशोब करून बघ, गणित शिकवतेस म्हणजे आवडेल. १९२ टाके, १० सेंमीला १८ या हिशोबाने १०७ सेंमीच्या आसपास, म्हणजे ४२ इंच, बरोबर. तेच १९२ तुझ्या २२ ने केलेस तर ८७ सेंमी, म्हणजे ३४ इंच. ४० छातीच्या माणसाला ३४ चा स्वेटर, धुऊन कितीही सैल पडला तरी बाबा त्यात मावणार नाहीत.

तुला २२ ची वीण आवडली असेल (थंडीसाठी तीच चांगली, घट्ट) तर १०७ सेंमीला साधारण २३६ टाके लागतील. पण रॅगलनमध्ये बगलेपाशी एकदम ४४ टाके घुसडता येत नाहीत, गळ्यापासूनच हिशोब बदलतो. सोपा रस्ता असा, त्याच पॅटर्नमध्ये मोठी मापं बघ, ५२ इंचाच्या आसपासच्या मापाला २३५-२४० टाके असतील. आकडे त्या मापाचे घ्यायचे आणि तुझ्या हाताने तो ४२ चा होईल. फक्त लांबीला ओळी मोजू नकोस, टेप लावून सेंमी मोज. गळ्यापासून बगलेपर्यंतचं अंतर बाबांच्या एखाद्या अंगाला नीट बसणाऱ्या स्वेटरवरून घे, नाहीतर ५२ च्या मापाची खोल बगल येईल आणि हात वर केला की अख्खा स्वेटर वर.

आणि लोकर एकदम घे, अर्ध्या किलोच्या वर लागेल. लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांचा एकच पाहिजे. नंतर दोन गुंडे आणायला गेलीस तर रंग तोच असतो पण पोटावर पट्टा दिसतो.

पंचवटीकर:

विणकामातलं शष्प कळत नाही, बायको हा धागा वाचत होती म्हणून मी पण वाचला. पण काय भो, शेजारच्या काकूंना शरणपूर रोडचं तिबेटियन मार्केट दाखवा ना, हिवाळ्यात तिथे पाहिजे तेवढे स्वेटर मिळतात, पोरीला कशाला कामाला लावतात. किल्लीच्या वांग्याचा फोटो टाका मात्र.

लोकरवेडी:

@पंचवटीकर, वहिनींना लिहू द्या की :D पण तुम्ही मुद्द्याचं बोललात. तिथला माल मशीनचा असतो आणि मशीनच्या स्वेटरशी भावात लागायला जायचंच नाही. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साठेक तास सहज जातात. तासाला ५० रुपये धरले, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मावशीसुद्धा हसतील इतके कमी, तरी ३००० नुसती मजुरी, लोकर वेगळी. एवढे कोणी देत नाही. म्हणून मोठे स्वेटर विकायचे नाहीत, ते घरच्यांना आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला. विकायचं काय, तर छोटं, चार-पाच तासांत संपणारं. कानटोपी, बाळाचे मोजे, राख्या, तोरणं. आणि क्रोशे. विणलेलं कापड मशीन करतं, क्रोशाचं काम करणारं मशीन नाही, बाजारात स्वस्त दिसतं ते पण कोणीतरी हातानेच केलेलं असतं. म्हणजे तुझ्या सूर्यफुलाला मशीनची स्पर्धा नाही. कमी पैशात राबवलेल्या दुसऱ्या कोणाच्या हाताची मात्र आहे, ते वेगळंच दुखणं.

सुईवाला_निफाड:

मी मुलगा आहे आणि विणतो, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी मला ताई म्हणणार नाही. आमच्याकडे थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या रात्री असतात, जागरणात काय करणार, बहिणीने शिकवलं. तीन कानटोप्या बागेतल्या धुरातच झाल्या, अजून वास येतो.

एकच सांगतो, बाबा गाडीवर जाणार आहेत तर गळा उंच कर आणि मनगटाची पट्टी लांब कर, हातमोज्याच्या आत गेली पाहिजे. वारा तिथूनच शिरतो. आणि लोकर ॲक्रिलिक असेल तर शेकोटी, हीटर, इस्त्री यांच्यापासून लांब. इस्त्री फिरली की वीण चपटी होऊन बसते, परत फुगत नाही.

उलटसुलट_नाशिक:

बापरे, एवढं सगळं! काकू, लोकरवेडीताई, खूप खूप धन्यवाद. ५२ च्या मापाला २३८ टाके आहेत, आत्ताच बघितलं, हिशोब केला तर बरोबर ४२-४३ येतोय, मी खोलीतल्या खोलीत नाचले. लोकर आठच दिवसांपूर्वी घेतली होती, उद्या जाऊन त्याच लॉटची आहे का बघते.

@सुईवाला, गळ्याचं डोक्यातच नव्हतं, करते. बाबांना स्वेटरचं माहीत नाहीये पण रोज संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला टेप लावते त्यावरून त्यांना संशय आलाय बहुतेक, काल म्हणाले "शिंप्याकडे नोकरी लागली का".

पैशाचं मात्र अजून अडलंय. बाळाच्या सेटला काय सांगू? स्वेटर, टोपडं, मोजे, तिन्ही मिळून वीसपंचवीस तास जातात माझे. आणि "घरीच असतेस ना" याला काय उत्तर देतात लोक? मला त्याचाच जास्त राग येतो, खरं म्हणजे पैशापेक्षा.

स्टॉलवाली:

मी गेली काही वर्षं प्रदर्शनात टेबल लावते, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर पण लावलंय, त्यामुळे यातली जखमी शिपाई आहे असं समज.

ओळखीच्या बायकांना "किंमत" सांगितली की त्यांना लागतं. "मजुरी" सांगितली की लागत नाही. ब्लाउज टाकताना आपण कापड नेतो आणि शिलाई देतो ना, तसंच. "काकू, लोकर तुमच्या आवडीच्या रंगाची आणून द्या, इतके ग्रॅम, मजुरी अमुक." यात दोन गोष्टी होतात, एक म्हणजे लोकर आणायला ज्या जात नाहीत त्यांना मुळात नकोच होतं, निम्म्या तिथेच गळतात. दुसरं, तुझे पैसे अडकत नाहीत. सेटची मजुरी मी तुझ्या जागी १२०० सांगितली असती आणि घासाघीस झाली तर टोपीला गोंडा वाढवला असता, पैसे कमी केले नसते. अर्धे आधी घ्यायचे. सख्खी मावशी असली तर सोड, पण शेजारीण मावशी नाही.

"घरीच असतेस" ला मी तारीख सांगते. "हो काकू, पण हातात आधीचं काम आहे, तुमचा नंबर संक्रांतीनंतर लागेल." तारीख ऐकली की समोरच्याला कळतं हे काम आहे, वाद घालावा लागत नाही. आणि तसंही ऑर्डरी दिवाळीनंतर एकदम अंगावर येतात, सगळ्यांना थंडी पडल्यावर आठवण होते, त्यामुळे बाळाचं साठवणीचं विणकाम गणपतीच्या आसपास सुरू करत जा. उन्हाळ्यात सुती दोरा आणि क्रोशे, लोकर हातात धरवत नाही.

देवळालीची_काकू:

मी मजुरीच्या बाजूने आहे पण १२०० जास्त वाटतात बाई, आमच्या वेळी सेट म्हणजे आहेरच असायचा, पैसे घेणं मनात पण यायचं नाही.

स्टॉलवाली:

काकू, आहेर करायचा त्यांनीच की, सून त्यांची आहे :)

देवळालीची_काकू:

ते बरोबर आहे म्हणा. बरं, विणणारच आहेस तर ऐक. बाळाला जाळीची वीण नको, चिमुकली बोटं भोकात अडकतात. मोज्याच्या आत दोऱ्याचं टोक सैल सोडायचं नाही, रंग बदलताना आतून जे लांब धागे जातात ते तर मुळीच नकोत, पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बाळ रडतं आणि कोणाला कळत नाही का रडतंय. बटणं नकोत, तोंडात जातात, पाठीमागे विणलेले बंद लाव. केसाळ लोकर नको, नाकात जाते. साधी मोत्याची वीण (एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल) घे, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कडा वळत नाही.

उलटसुलट_नाशिक:

काकू तुमचा नंबर मिळेल का, मी देवळालीला येते, नाशिकरोडपर्यंत सिटीलिंकच्या बसने येईन तिथून पुढे बघेन. आजी गेल्यापासून समोर बसून दाखवणारं कोणी नाहीये, व्हिडिओत हात उलटा दिसतो.

आज शेजारच्या काकूंना सांगून आले, लोकर तुमची, मजुरी १२००, नंबर संक्रांतीनंतर. त्या आधी "अगं पण..." म्हणाल्या, मग म्हणाल्या पिवळा चालेल का, मुलगा-मुलगी काही झालं तरी. भिशीतल्या दोघींनी परत विषय काढलेला नाही.

देवळालीची_काकू:

नंबर असा सगळ्यांपुढे टाकत नाही, निरोपात पाठवते. रविवारी दुपारी ये, चारनंतर माझी भजनं असतात. येताना २३८ टाके घालून आणू नकोस, वरून खाली विणताना गळ्याचे टाके आधी असतात आणि ते किती ते मी बघीन. लोकर आण, ४ मिमीची सुई आण आणि बाबांचा तो जुना नीट बसणारा स्वेटर पण आण, त्यांना न सांगता.

पंचवटीकर:

वांग्याचा फोटो राहिला.