सेबेन: अंतरा की लग्गी?

प्रश्न: काँगोचे गिटारवादक फ्रँको लुआंबो यांच्यावर लेख लिहिते आहे. ‘सेबेन’ हा शब्द पावलोपावली येतो. मी त्याला ‘दोन कडव्यांमधलं म्युझिक’ म्हटलंय, पण मन मानत नाही. मराठीत काय म्हणावं?

उत्तर: मन मानत नाही ते बरोबरच आहे. कडव्यांमधला तुकडा वाजतो तेव्हा आपण गायकाची वाट पाहत असतो. सेबेनचं उलट. संथ शब्द संपतात, लय चढते, गिटारी एकमेकींत गुंफत जातात आणि नाचणारे खऱ्या अर्थाने तेव्हाच मैदानात उतरतात. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची मला लग्गी वाटते. ठुमरीच्या शेवटी गायक मुखडा धरून राहतो आणि तबला दुगुनीत सुटतो, ती. फरक एवढाच, की इथे सुटते ती गिटार.

शब्दाचं मूळ इंग्रजी ‘सेव्हन’, म्हणजे सातव्या सुराच्या कॉर्डमध्ये आहे, असं सांगतात. सेबेन लोकांपर्यंत नेण्याचं श्रेय गिटारवादक आँरी बोवान यांना देतात. गायक वेंडोंच्या १९४८च्या ‘मारी-लुईज’ या गाण्यात गिटार त्यांचीच. पुढे याच बोवाननी लोनिंगिसा या रेकॉर्ड कंपनीत आलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला ‘फ्रँको’ हे नाव दिलं. ते साल १९५३. १९५६मध्ये ओके जाझ हे वाद्यवृंद-पथक उभं राहिलं आणि १९८९मध्ये जाईपर्यंत फ्रँकोंनी ते सोडलं नाही. अंगठा आणि तर्जनीने दोन-दोन तारा एकदम छेडायची त्यांची ढब सेबेनमध्येच पूर्ण उमलते. त्यांचं १९८५चं ‘मारिओ’ हे गाणं ऐका. श्रीमंत बाईच्या जिवावर जगणाऱ्या तरुणाची ती गोष्ट आहे.

तरी लेखात ‘लग्गी’ लिहू नका. एकदा तुलना द्या, पुढे ‘सेबेन’च ठेवा. मी नपुंसकलिंगी वापरतो: सेबेन सुरू झालं, सेबेन रंगलं.

प्रश्न: पटलं. आणि ‘मी-सोलो’?

उत्तर: तिथे जपा! दीर्घ ‘मी’ पाहिला की मराठी वाचकाला स्वतःची आठवण येणार. फ्रेंचमध्ये ‘मि’ म्हणजे अर्धा, म्हणून ‘मि-सोलो’, ऱ्हस्व. ठेका धरणारी गिटार आणि मुख्य गिटार यांच्या मधली ही तिसरी. ‘मधली गिटार’ म्हटलं तरी चालेल. मला तर तेच जास्त आवडतं. मुख्य गिटारीवरून कान काढून पाच मिनिटं फक्त हिच्याकडे ठेवा, मग गुंफण कळते.